विजारीवरची विजार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील एका दुपारी, मेढ्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका वडाखाली, मी एका पायावर उभा होतो. दुसरा पाय रेनकोटच्या पँटीत गुडघ्याच्या जरा खालपर्यंत शिरला होता आणि तिथे बुटाची टाच अस्तराच्या जाळीत अडकून बसली होती. दोन्ही हातांनी पँट ओढावी तर तोल जात होता आणि एका हाताने झाडाला धरावे तर पँट तसूभरही सरकत नव्हती. वडाची पाने भिजून पाऊस खाली गळू लागेपर्यंत मिळते ती चार-पाच मिनिटांची सवलत या कसरतीत संपत आली होती. पलीकडे डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा शेळ्या राखत उभा होता. त्याने बराच वेळ गप्प राहून पाहिले आणि मग न राहवून म्हणाला, "सायेब, बूट काडा की आदी." बूट काढायचा म्हणजे मोजा चिखलात टेकवायचा, म्हणून मी ऐकले नाही. शेवटी टाच सुटली, दुसराही पाय आत गेला, कमरेची नाडी आवळून झाली आणि नेमाप्रमाणे पाऊस थांबला. रेनकोट चढवला की पाऊस थांबतो आणि घडी करून डिकीत ठेवला की परत येतो, याचा पुरावा मागणारा माणूस कधी दुचाकीवर बसलेला नसावा.

नाडी सोडता सोडता माझे लक्ष त्या म्हाताऱ्याच्या पायांकडे गेले. कमरेपर्यंत तो कोरडा ठणठणीत होता आणि गुडघ्यांपासून खाली पुरता भिजलेला होता. धोतर वर खोचलेले, पिंढऱ्यांवर चिखलाचे ओघळ, आणि त्याचे त्याला काहीही वाटत नव्हते. आपल्याकडे पावसासाठी जे जे म्हणून अंगावर घेतले गेले, ते सगळे कमरेच्या वरचे आहे. घोंगडीची खोळ डोके आणि पाठ राखते. कोकणातले इरले लावणीसाठी वाकलेल्या पाठीवर कासवाच्या पाठीसारखे बसते. पायांसाठी मात्र कोणी काही केले नाही, कारण पायी चालणाऱ्याचा पाऊस वरून पडतो आणि पाय काय, घरी जाऊन धुता येतात. दुचाकीवरचा पाऊस समोरून येतो. ताशी पन्नासच्या वेगात तो आधी गुडघ्यांवर आपटतो आणि मग मांड्यांवरून ओघळत मांडीच्या खळग्यात येऊन साठतो. विजारीवर चढवायच्या विजारीला मराठीत अजून धड नाव नाही, ते बहुधा यामुळेच.

साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत, दाराच्या उजव्या हाताला एक लोखंडी खुंटी होती. अण्णा पशुसंवर्धन खात्यात होते आणि राजदूतवरून गावोगाव फिरत. पावसाळ्यात संध्याकाळी ती गाडी दारात थांबली की पहिली गोष्ट म्हणजे तो हिरवा नायलॉनचा रेनकोट खुंटीवर जाई. त्याच्याखाली आई घमेले ठेवत असे आणि त्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज जेवणे होईपर्यंत चालू राही. थेंब मोजून आज किती पाऊस झाला हे सांगण्याची माझी आणि धाकट्या बहिणीची पैज लागे. रेनकोटची पँट सायलेन्सरच्या बाजूला पोटरीपाशी वितळून भोक पडलेली होती. तिथे आईने सायकलच्या ट्यूबचा चौकोनी तुकडा पंक्चरवाल्याकडच्या सोल्यूशनने चिकटवून दिला होता. असे ठिगळ त्या काळी बहुतेक घरांतल्या पँटीला असे, आणि ज्या पँटीला ते नसे ती अजून वापरात आलेली नाही असे समजायला हरकत नसे.

पण अण्णांची खरी लढाई दुसऱ्याच जागी होती. रेनकोट काढल्यावर त्यांचा शर्ट कोरडा असे, पोटऱ्या कोरड्या असत, आणि खाकी पँट बरोबर एकाच ठिकाणी, नको त्या ठिकाणी, वीतभर ओली असे. आम्ही तोंडावर हात धरून हसत असू आणि आई "हसू नका रे" म्हणत स्वतः आत निघून जात असे. ज्याने पावसात दुचाकी चालवली आहे त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. मांडीत साठलेले तळे आपल्या वजनाने वाट शोधते आणि पँटीचे चारही तुकडे जिथे एकमेकांना शिवलेले असतात त्या सांध्यातून, सुईच्या भोकांवाटे, आत उतरते. कापड सहसा हरत नाही, शिवण हरते. मृग लागायच्या आधीच्या रविवारी अण्णा पडवीत बसून त्या शिवणीवर मेणबत्ती घासत. उलटून घासत, सुलटून घासत, अंगठ्याच्या नखाने मेण दाबून बसवत. तो इलाज आषाढीपर्यंत टिकत असे.

आता मी सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण करत याच जिल्ह्यात फिरतो. सातारा जिल्हा हा पँट निवडणाऱ्या माणसाची परीक्षा पाहण्यासाठीच आखला असावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर दहिवडीच्या बाजूला पाचशेचा आकडा गाठतानाही आभाळाची दमछाक होते. सोमवारी केळघरच्या घाटात धुक्यात कुडकुडायचे आणि बुधवारी दहिवडीच्या माण तालुक्यात तापलेल्या वाऱ्यावर भाजायचे, तेही खाली इस्त्रीची पँट शाबूत ठेवून, कारण समोर बसून सचिवाला रोजकीर्दीतली खाडाखोड विचारणारा माणूस मांडीवर ओला असून चालत नाही. त्या वडाखालच्या प्रसंगानंतर मी ठरवले की आता एकच, चांगली, सगळ्या हवेत चालणारी आणि पडलो तर गुडघे राखणारी पँट घ्यायची. व्यवसायाच्या सवयीने वहीत रकाने आखले. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. तो ताळेबंद दोन महिने जुळला नाही.

पहिला प्रकार असा, की बाहेरून जाड कापड आणि आत चेनने जोडायचे पाणीरोधक अस्तर. कागदावर हा प्रकार निर्दोष आहे. प्रत्यक्षात पाऊस आला की ते अस्तर आत जोडण्यासाठी भर रस्त्यात आधी पँट उतरवावी लागते, आणि जोडले तरी बाहेरचे कापड पाणी पिऊन दुप्पट जड होते व घाटातल्या वाऱ्यात गुडघ्यांना बर्फासारखे लागते. दुसऱ्या प्रकारात पाणी अडवणारा पापुद्रा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो. या पापुद्र्याची कथा मला फार आवडते. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एकीला एकदम हिसका दिला आणि ती न तुटता कितीतरी पट लांबली. अशा ताणलेल्या पापुद्र्याची भोके इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. वैतागातून शोध लागतो हे वाचून बरे वाटले, कारण वैतागाचा साठा माझ्याकडेही भरपूर आहे.

मात्र ती वाफ बाहेर जाते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच. श्रावणात आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोहोचले की बाहेरची हवाच इतकी ओली असते की घामाला बाहेर जाण्याचे काही कारण उरत नाही. मित्राची असली महागडी पँट घालून मी एकदा तो घाट उतरून पाहिला. पावसाचा एक थेंबही आत आला नाही आणि मी मात्र चिंब भिजलो होतो.

तिसरा प्रकार जाळीच्या कापडाचा. उन्हाळ्यात याच्यासारखे सुख नाही असे सगळे सांगतात आणि पस्तीस अंशांपर्यंत ते खरेही आहे. पण माणमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की अंगाला लागणारा वारा हा अंगापेक्षा गरम असतो, आणि मग जाळीतून येणारी हवा म्हणजे भट्टीच्या तोंडाशी पाय धरून बसणे होते. त्या भागातली म्हातारी माणसे भर उन्हात डोके-कान टॉवेलने गच्च बांधून का जातात, ते मला तिथे कळले.

राहिला प्रश्न पडण्याचा. युरोपात 2020 पासून या कपड्यांसाठी ईएन 17092 हे मानक आहे आणि त्यात कपड्यांना प्रतीनुसार एएए, एए, ए, बी, सी असे वर्ग देतात. आमच्या पतसंस्थांनाही लेखापरीक्षणानंतर अ, ब, क, ड वर्ग मिळतात, त्यामुळे हे वाचताना मला घरी आल्यासारखे वाटले. त्यात बी वर्गाच्या कपड्याला घासण्याची परीक्षा ए वर्गासारखीच द्यावी लागते, फक्त गुडघ्याचे आर्मर, म्हणजे आत बसवलेली धक्का शोषणारी वाटी, सक्तीचे नसते. सी वर्गाचा कपडा म्हणजे नुसते आर्मर धरून ठेवणारी जाळी, ती घासण्यापासून काहीही वाचवत नाही. म्हणजे क वर्ग मिळालेल्या संस्थेतही एखादा विभाग उत्तम असू शकतो, हे आमच्या खात्याने अजून मान्य केलेले नाही. गुडघ्याच्या आर्मरची चाचणी वेगळी असते. पाच किलोचे वजन सुमारे मीटरभर उंचीवरून त्यावर पाडतात आणि खाली किती जोर पोहोचला ते मोजतात. पहिल्या पातळीत सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत चालतो, दुसऱ्या पातळीत 20 पर्यंतच.

नागपंचमीच्या सुमारास पुण्यातल्या एका दुकानात मी आरशासमोर उभा राहून पाहिले तर आर्मर चक्क नडगीवर आले होते. मी सदोष माल म्हणून पँट परत देऊ लागलो. दुकानातला मुलगा हसला. "काका, उभं राहून नका बघू. गाडीवर बसा." कोपऱ्यात स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलवर मी बसलो. पँट वर ओढली गेली आणि ती वाटी बरोबर गुडघ्यावर येऊन बसली. पायाची शिवण मात्र घोट्याच्या चार बोटे वर गेली. म्हणून लांबी उभ्याने आखूड वाटणारी कधी घेऊ नये, हेही त्यानेच सांगितले. तो खाली गुडघे टेकून वेलक्रोचा खिसा वरखाली करत होता, अंगठ्याने वाटीची कड चाचपत होता, आणि मला अण्णांचा गुडघा आठवला.

1988 च्या जानेवारीत, मी सातवीत असताना, अण्णा पुसेगावच्या पुढे नव्याने टाकलेल्या खडीवर गाडीसकट पडले. पाऊस नव्हता. पहाटेचा गार वारा लागू नये म्हणून त्यांनी ती हिरवी पँट चढवली होती. नायलॉन वारा अडवते, पाणी अडवते, पण रस्त्यावर घासले की तापून वितळते. गुडघ्यापाशी खालची खाकी फाटली आणि वितळलेले नायलॉन कातडीला चिकटले. दवाखान्यात मलमपट्टी झाली, तरी घरी दोन-तीन रात्री आई उकळून गार केलेल्या पाण्याने जखम भिजवून चिमट्याने हिरवे तंतू काढत होती आणि मी बॅटरी धरून उभा होतो. अण्णा पडवीतल्या खुंटीकडे पाहत बसलेले असत. एक तंतू निघाला नाही. जखम भरल्यावर तिथे हिरवट ठिपका राहिला, गोंदल्यासारखा, आणि तो शेवटपर्यंत होता.

मी ती पँट घेतली. एए वर्गाची, बाजूला घोट्यापासून कमरेपर्यंत चेन असलेली, म्हणजे बूट न काढता घालता येणारी. जाळी नाही, पापुद्राही नाही. पावसासाठी तिच्यावर चढवायला दोन मापे मोठी साधी रेनकोटची पँट वेगळी घेतली. म्हणजे आता इस्त्रीच्या विजारीवर विजार आणि तिच्यावर आणखी एक विजार, आणि तिसरी चढवण्यासाठी वडाखाली पुन्हा एका पायावर उभे राहणे आलेच. बुटावर प्लास्टिकची पिशवी चढवली की टाच अडकत नाही, एवढी एक विद्या मात्र मध्यंतरी हाती लागली आहे.

पहिल्या दिवशी मेढ्याहून परतल्यावर दोन्ही पँटी मी पडवीत खुर्चीच्या पाठीवर टाकल्या. आई बाहेर आली. तिने वरची बाजूला केली, खालचीचा गुडघा शोधला आणि अंगठ्याने दाबून पाहिला. वाटी थोडी आत गेली आणि हळूहळू पुन्हा वर आली. तिने परत दाबली.

"हे तेव्हा मिळत नव्हतं का रे?"

युरोपात या वाट्यांचे मानकच पहिल्यांदा 1997 साली आले. शर्यतीत धावणारे त्याच्या आधीपासून काही ना काही लावत असतील. साताऱ्याच्या बाजारात काय मिळत होते ते मला माहीत होते.

"नव्हतं," मी म्हटले.

"बरं," ती म्हणाली. मग तिने खुर्चीखालची फरशी पाहिली. "पाणी गळतंय बघ सगळीकडे. खुंटीला लाव ती."

घमेले मीच आणून ठेवले.