तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला स्पिंडल सँडर घेऊ?

"काका, कुठला स्पिंडल सँडर घेऊ?"

स्पिंडल सँडर म्हणजे टेबलातून वर आलेल्या उभ्या दांड्यावर (स्पिंडलवर) सँडपेपरची नळी चढवून आतली वळणं घासायचं मशीन; दांडा फिरता फिरता वर-खालीही होतो. मला हे विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. घरी पहिली किंवा दुसरी इलेक्ट्रिक गिटार करायला घेतलेली, बॉडीचा आकार जिगसॉने कसाबसा कापलेला आणि शिंगाच्या (बॉडीच्या मानेशेजारच्या टोकाच्या) आतल्या वळणाशी गाडी अडलेली. त्यांना हवं असतं एक नाव, जमलं तर एक लिंक, आणि वर 'बिनधास्त घे' एवढं. मी आजवर प्रत्येकाला काहीतरी वेगळंच सांगत आलो. कुणाला म्हटलं, घेऊच नको. कुणाला म्हटलं, घे, पण अमेरिकन नको. एकाला तर म्हटलं, आधी तुझं घर केवढं आहे ते सांग. त्याला तो अपमान वाटला. आता ही मंडळी आपसात बोलली आहेत आणि काका काहीतरी लपवतात असा त्यांचा समज झालाय. लपवत नव्हतो. टाळत होतो. तर एकदाच काय ते सांगून टाकतो.

सोपं आधी उरकतो. यूट्यूबवर जी मशीनं दिसतात ती बहुतेक अमेरिकन, ११०-१२० व्होल्ट, ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांच्या विजेची; आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लोहार चाळीतून, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, ट्रान्सफॉर्मर आणला की झालं, असं प्रत्येकाला वाटतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. इंडक्शन मोटर मात्र हर्ट्झवरच फिरते. ६० ची मोटर ५० वर लावली की वेग एक-षष्ठांश घटतो आणि मोटर तापते ती वेगळीच. २,००० फेऱ्यांचं म्हणून घेतलेलं मशीन जेमतेम १,६७० फेरे देणार. तेव्हा ब्रिटन-युरोपसाठी बनलेलं, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचं बघा. ट्रायटन कंपनीचं ४५० वॅटचं त्यातलं एक: मिनिटाला २,००० फेरे आणि ५८ वेळा वर-खाली. अमेरिकेतल्या वेन कंपनीच्या मशीनचे फेरेही एवढेच, म्हणजे नावावरून भांडण्यात अर्थ नाही. ४५० वॅट साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालतं, नवीन लाइन ओढावी लागत नाही.

स्पिंडल १३ मिलिमीटरपासून ७६ पर्यंत येतात. सगळे लोक मोठ्याकडे बघून खूश होतात. तुमच्या उपयोगाचा बारका. शिंगाच्या आतलं सगळ्यात घट्ट वळण जेवढं, त्याहून स्पिंडल लहान हवा, नाहीतर तो आत शिरणारच नाही. टेबल काटकोनात आहे का, हे दुकानातच गुण्या लावून बघा. बॉडी ४५ मिलिमीटर जाड असते. टेबल एका अंशाने जरी कललेलं असेल तरी वरच्या आणि खालच्या कडेत पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो बोटाला कळतो. टेबल बिडाचं असेल तर छानच, कारण ते थरथरत नाही. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यावर तांबूस साय धरते. मेण चोळत बसायची तयारी असेल तरच घ्या.

एवढं सांगून मी थांबू शकलो असतो. आधी थांबायचोच.

माझंच जुनं मत आधी सांगतो, कारण ते तुमच्यापैकी काहींनी मला ऐकवलंय. मी म्हणायचो की स्पिंडल सँडर हा पैसेवाल्यांचा चोचला आहे. ड्रिल प्रेसच्या (स्टँडवरच्या उभ्या ड्रिलच्या) चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, सँडिंग ड्रम बसवा, तेच काम होतं. मुंबईच्या हत्यारबाजारातल्या, नागदेवी स्ट्रीटच्या दुकानदारानेही मला तेच सांगितलं होतं. मी स्पिंडल सँडर मागितला, त्याने बेल्ट सँडर काढून दाखवला, आणि मी नकारार्थी मान हलवल्यावर म्हणाला, "साहब, ड्रिल में लगा लो, हो जाएगा." आणि होतंच. त्या माणसाला किंवा तेव्हाच्या मला मी खोटं पाडणार नाही. ड्रिल प्रेसची बेअरिंग वरून खाली दाब घ्यायला बनलेली असतात, बाजूने नाही. चक टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, नुसत्या घर्षणाने बसलेला असतो आणि बाजूच्या दाबाने तो सैल होऊ शकतो. ड्रम वर-खाली होत नसल्याने पेपरचा एकच पट्टा झिजतो आणि लाकडावर काळे डाग पडतात. हे सगळं खरं आहे. पण दाब हलका ठेवला, मधूनमधून टेबल वरखाली केलं, तर चांगल्या बॉड्या होतात. माझ्या झाल्या. ह्या कारणांसाठी मी मशीन बदललं नसतं.

आता खरं कारण.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. दोन खोल्या, हॉल, आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी. गॅलरी माझी, असा घरातला जुना करार. आई आतल्या खोलीत. तिला दमा आहे, पण तो 'आहे' या सदरातला, रोजच्या पंपावर शहाण्यासारखा वागणारा. मी काम करायचो तेव्हा गॅलरीचं दार लावायचो, दाराखाली ओला टॉवेल ठेवायचो, नंतर झाडून, पुसून घ्यायचो. कुणी विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून सांगितलं असतं की घरात भुश्याचा कण जात नाही.

त्या पावसाळ्यात रे रोडच्या लाकूडबाजारातून शिसवीचा एक सुंदर तुकडा मिळाला होता. महोगनीच्या बॉडीवर शिसवीचा टॉप. श्रावण, बाहेर धो धो, म्हणून गॅलरीच्या काचाही बंद. सबंध रविवार मी ड्रमवर ती कंबर आणि शिंगं घासली. शिसवीचा भुसा जांभळट तपकिरी निघतो आणि त्याला एक गोडसर वास असतो; तो वास मला आवडतो, हेही सांगून टाकतो. संध्याकाळी आई म्हणाली, "आज गुलाबाचा वास येतोय रे." मी हसलो.

मंगळवारी पहाटे तिला श्वास घेता येईना. पंपाने उतार पडेना. लिफ्टपर्यंत खुर्चीवर बसवून नेलं, रिक्षा, मग इमर्जन्सी, नेब्युलायझर, ऑक्सिजन. तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि मग विचारलं, "घरात रंगकाम, सुतारकाम असं काही चालू आहे का?" बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थोडंसं."

डॉक्टरांनी मला काही सुनावलं नाही. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, साथ चालू आहे, उदबत्ती, शेजारचं बांधकाम, काहीही असू शकतं, असं त्या म्हणाल्या. आमच्या समोरच खरोखर एक इमारत पाडून टॉवर चढत होता. मी तो टॉवर असा धरून ठेवला की विचारू नका. पुढचे दिवस जो कुणी आईला बघायला येई, त्याला मी खिडकीशी नेऊन तो टॉवर दाखवत होतो.

बहीण डोंबिवलीहून आली. आईचे कपडे काढायला म्हणून तिने आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, आणि का कोण जाणे, स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं. खाली उतरली, ते बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "दादा, मुंबईची धूळ करडी असते ना रे?"

बोटावर जांभळट तपकिरी होतं.

गॅलरीपासून ते कपाट दोन दारं पलीकडे. मी तेव्हाही वाद घातला आणि आजही घालतो: कपाटावरची धूळ म्हणजे आजाराचं कारण नव्हे, ती कधीची होती कोणास ठाऊक, आईला त्याआधीही असे झटके येऊन गेलेत. कुठलंही कोर्ट मला सोडून देईल. पण माझं सगळं गणित झाडूवर उभं होतं, आणि झाडूला सापडतो तो भुसा मुळी धोक्याचा नसतोच. जड कण खाली पडतात. जे दिसत नाहीत ते तासन्‌तास तरंगतात, दाराच्या फटीतून जातात, खोल फुप्फुसात पोचतात. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलंय. शिसवीच्या जातीची लाकडं तर त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी आणणारी म्हणून कारागिरांना जुनी माहीत. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. मी ते माझ्या फुप्फुसांबद्दल वाचलं होतं आणि मास्क लावत होतो. आईला मास्क नव्हता.

तर मंडळी, मी स्पिंडल सँडर घेतला तो वळणांसाठी नाही. त्याच्या पोटाला मागे एक तोंड असतं, त्याला व्हॅक्यूमचा पाइप लागतो, त्या तोंडासाठी घेतला. ड्रिल प्रेसवरचा ड्रम चहूकडे धूळ उडवतो, ती पकडायला जागाच नसते. इथे स्पिंडलभोवतीच्या फटीतून बरीचशी धूळ खाली खेचली जाते. पण हेही डब्यावर छापलेलं चित्र बघून घेऊ नका. टेबलातल्या भोकाची चकती स्पिंडलच्या मापाचीच बसवा; बारक्या स्पिंडलला मोठी चकती लावली तर फट रुंदावते आणि ओढ मरते. तोंड दीड इंची आणि आपल्याकडच्या घरगुती व्हॅक्यूमचा पाइप भलत्याच मापाचा. मी सायकलची ट्यूब आणि होज क्लिप लावून जोडलाय, कुरूप आहे, हवा सोडत नाही. आणि व्हॅक्यूममध्ये हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, फिल्टर नसेल तर तो पुढून खेचलेली बारीक धूळ मागून खोलीत सोडतो. म्हणजे कपाटापर्यंत तीच वाट, फक्त विजेच्या खर्चाने. एवढं करूनही टेबलाच्या वरची थोडी धूळ उडतेच. एन-९५ लागतोच.

एमडीएफचं (लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचं) टेम्प्लेट, म्हणजे बॉडीच्या आकाराचा साचा, घासताना तर जास्तच. गिटारवाल्याचं या मशीनवरचं निम्म्याहून अधिक काम खऱ्या लाकडावर नसतंच. आधी टेम्प्लेट रेषेपर्यंत आणायचं, मग राउटरचं (लाकडाच्या कडा कोरणाऱ्या मशीनचं) बेअरिंग साच्याच्या कडेने फिरून त्याची नक्कल करतं. एमडीएफची धूळ सगळ्यात बारीक, आणि वर त्यात रेझिन.

आता तुम्ही विचारणार, आणि माझी बहीण तर दर दिवाळीला विचारते: मग हाताने का करत नाहीस? मिरजेचं उदाहरण हमखास येतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे हातांनी होतात, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं, आणि तुला अर्ध्या इंचाच्या वळणाला मोटर लागते? यावर माझं ठरलेलं उत्तर असं की तंबोऱ्याचा कारागीर भोपळ्याच्या अंगाने जातो, जसा भोपळा तसा तंबोरा. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी टेम्प्लेटच्या हुकमात असते. उत्तर बरं आहे. पुरेसं नाही. कारण कानस, रंधा आणि स्क्रेपर यांनी निघतो तो बहुतेक जाडसर कीस, तरंगणारी धूळ नव्हे. तो खाली पडतो आणि झाडूला सापडतो. आईच्या फुप्फुसांपुरतं बोलायचं तर बहिणीचं बरोबर आहे. शिंगाच्या आतलं वळण अर्धगोल कानशीने मी एकदा केलंय. चांगलं झालं. मला फक्त रविवार मिळतो, मनगट दुखतं, आणि खरं सांगायचं तर मला ते मशीन चालू असताना बरं वाटतं. त्याचा आवाजही घरघरीपुरता असतो. राउटरबद्दल खालच्या मजल्यावरून दुपारच्या झोपेचे फोन येतात, सँडरबद्दल अजून आलेला नाही.

आई बरी झाली. सध्या ती बहिणीकडे असते. तिकडे तळमजला आहे, लिफ्टचा त्रास नाही, नातवंडं आहेत, असं आम्ही सगळे सांगतो. ती फोनवर विचारते, "गिटार झाली का रे?" मी हो म्हणतो. ती शिसवीची बॉडी मी पुढे नेलेली नाही, पण टाकलेलीही नाही.

भांडुपला एक गाळा बघून ठेवलाय. त्याचं भाडं ऐकलं की माझ्या गिटारी जगातल्या सगळ्यात महाग गिटारी ठरतात. बायको म्हणते, गाळा नको, मशीन विक. मुलगा म्हणतो, मशीन ठेवा, गिटारी विका. आमचं यावर एकमत झालेलं नाही आणि गणपतीच्या आत होईल असं दिसत नाही.

तेव्हा मला मॉडेल विचारू नका. मी वर सांगितलंय. घरात कोण राहतं आणि त्यांच्या खोलीचं दार तुमच्या मशीनपासून कितवं, हे तुमचं तुम्ही मोजा. माझं मशीन विकायचंय का, असंही दोघांनी विचारलंय. सध्या नाही. पण १३ मिलिमीटरच्या स्पिंडलवर चढणाऱ्या पॉलिश पेपरच्या नळ्या, १२० ग्रिटच्या, कुणाकडे जास्तीच्या असतील तर मला हव्या आहेत. पावसाळ्यात त्यांचा सांधा उकलतो आणि इथल्या बाजारात त्या मापाच्या मिळत नाहीत.