भुरी आधी फक्त सांभाळायला आली होती

आम्ही परभणीला राहतो, वसमत रोडकडं. मागच्या उन्हाळ्यात इथल्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुत्र्याच्या एका पिल्लाचा फोटो आला, तीच आमची भुरी. वीटभट्टीजवळ सापडलेली मादी, कुणीतरी गळ्यात तार बांधलेली, पिल्लू वाढत गेलं आणि तार तेवढीच राहिली म्हणून ती कातडीत पार रुतून बसलेली. खाली लिहिलं होतं, जखम भरेपर्यंत फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं घर, पाहिजे. मी घरात विचारलं आणि हो कळवलं.

तार कुणी बांधली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तरी १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. आता भारतीय न्याय संहितेचं ३२५ कलम आहे, जनावर मारलं किंवा अपंग केलं तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण त्यासाठी आधी माणूस सापडायला पाहिजे ना. मला अजूनही त्याचा राग येतो.

व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात भूल देऊन तार काढली, जखमेत आळ्या झाल्या होत्या. दात बघून डॉक्टर म्हणाले तीनेक महिन्यांची असेल. अंगावर गोचिडी इतक्या की रक्त तपासायला सांगितलं आणि गोचीडताप निघाला, प्लेटलेट्स खूप कमी. मग डॉक्सीसायक्लिन चार आठवडे, रोज पोटात काहीतरी घालूनच द्यायची, रिकाम्या पोटी दिली की उलटी काढायची. ताप असताना लस देत नाहीत त्यामुळं तोवर पार्वोची धास्ती, हा पिल्लांच्या जिवावर उठणारा विषाणू, तो आपल्या चपलेला लागूनसुद्धा घरात येतो, म्हणून चपला गेटबाहेर, फरशी ब्लीचच्या पाण्यानं पुसायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय तिला त्यावर सोडायचं नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. जखम धुताना ती दुखण्यानं आमच्या ह्यांच्या बोटाला चावली, रक्त आलं. शेजारचे म्हणाले पिल्लूच तर आहे, पिल्लाचं काय एवढं. पण रेबीज पिल्लालाही होतो आणि हिची तर आई कोण, कुणी चावलंय का, काहीच माहीत नव्हतं. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुतला आणि तसंच सरकारी दवाखान्यात. तिथं लस फुकट मिळते, पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, सगळे डोस पूर्ण घेतले. कृपा करून हळद-चुना लावून घरी बसू नका.

जखम तशी लवकर भरली, भीतीला मात्र खूप वेळ लागला. दिवाणाखाली कोपऱ्यात जाऊन बसायची ती बसायचीच. झाडू हातात घेतला की जागेवर सू करायची, ह्यांचा आवाज आला की थरथरायची, बाहेर बुलेट गेली की भिंतीत डोकं खुपसायची. मला वाटायचं उचलून छातीशी धरावं, पण ग्रुपमधल्या पोरीनं बजावलं होतं, ताई हात लावायचा नाही, ती आल्याशिवाय आपण जायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं पण नाही. मग मी रोज त्याच वेळेला, तिच्याकडं पाठ करून दिवाणाजवळ बसायचे, बाजूला भाकरीचा कुस्करा आणि उकडलेलं अंडं ठेवायचे आणि पेपर वाचायचे. ती मी उठून गेल्यावर खायची. मग मी असताना पण खायला लागली, तेही मान लांब करून, मागचे पाय तसेच दिवाणाखाली.

आणि पहिल्यांदा जवळ गेली ती कुणाच्या, तर आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. त्यांना घरात कुत्रं नकोच होतं, सोवळं-ओवळं असतं, त्यामुळं त्यांनी कधी तिला हाक मारली नाही का हात पुढं केला नाही. दुपारी खाली चटईवर माळ ओढत बसायच्या आणि एक दिवस ही त्यांच्या लुगड्याच्या काठाला नाक लावून झोपली. आत्याबाई हलल्या नाहीत, पायाला मुंग्या आल्या तरी तशाच बसल्या. माहूरला नेमानं जाणारी बाई, मला हळूच म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी कुत्रीच असतात की गं."

तोवर अॅडॉप्शनची पोस्ट फिरत होती. फोन यायचे आणि पहिला प्रश्न, नर का मादी? मादी म्हटलं की फोन बंद. गावठी मादी म्हणजे पिल्लांची कटकट एवढंच लोकांच्या डोक्यात, नसबंदी होते हे सांगेपर्यंत कुणी थांबत नाही, फार वाईट वाटतं ह्याचं. एकाला शेतातल्या आखाड्यावर राखणीला पाहिजे होती, साखळीला बांधून. त्या गळ्याला साखळी? मी सरळ नाही म्हणाले. नांदेडचं एक कुटुंब येऊन गेलं, माणसं भली होती, पण त्यांच्या लेकरांना खेळणारं पिल्लू पाहिजे होतं आणि ही दिवाणाखालून बाहेरच आली नाही. ते गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "आता कुठं धाडता लेकराला, ऱ्हाऊ द्या."

फॉर्म आम्हालाही भरावा लागला, आधारची झेरॉक्स, लसी वेळेवर, नसबंदी करणार, परस्पर कुणाला देणार नाही, सगळं लिहून सही. मला ते आवडलं, फॉस्टर असलो तरी सूट नको. ताप उतरल्यावर पार्वोची लस, तिचा बूस्टर, रेबीजची लस, जंताचं औषध सगळं झालं. पट्टा गळ्यात घालत नाही, छातीचा हार्नेस घेतलाय, तोही आधी नुसता तिच्या ताटाशेजारी ठेवून दिला होता, वास घेऊन सवय झाल्यावर घातला. ह्यांच्या हातून आता खाते, मांडीवर अजून येत नाही. बुलेटला अजून घाबरते म्हणून पहाटे गर्दी नसताना फिरवतो. नसबंदीची तारीख मिळालीये, आत्याबाईंनी तोपर्यंतचं माहूरला जाणं पुढं ढकललंय.