जब्याचं पुढं काय झालं असेल?

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि अधूनमधून नववीच्या वर्गाला ‘फँड्री’ दाखवतो. सिनेमा संपून ट्यूबलाइट लागायच्या आत प्रश्न येतोच. स्टाफरूममध्येही तोच प्रश्न. शाळा सोडून गेलेली पोरंसुद्धा कधी रात्री मेसेज टाकून विचारतात, “सर, जब्याचं पुढं काय झालं असंल?” तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा 14 फेब्रुवारी 2014 ला महाराष्ट्रात लागला. जब्या म्हणजे अकोळनेरमधला कैकाडी पोरगा, जांबुवंत कचरू माने. वर्गातली शालू त्याला आवडते. काळ्या चिमणीची राख शालूच्या अंगावर टाकली की ती वश होते असं त्याला कळलंय, म्हणून तो गलोल घेऊन रान पालथं घालतो. इकडे लेकीच्या लग्नाला पैसा लागतो म्हणून बाप गावातली डुकरं धरायचं काम अंगावर घेतो, आणि सगळा वर्ग बघत असताना जब्याला डुकरामागं पळावं लागतं. शालूही हसते. शेवटी बांबूला टांगलेलं डुक्कर घेऊन घरचे निघतात, टगी पोरं चिडवत मागं लागतात आणि जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. खलास.

मोठ्या माणसांची उत्तरं ठरलेली असतात. जब्या शिकला, एमपीएससी झाला, लाल दिव्याच्या गाडीतून गावात आला. आपण मराठी लोक पिचलेल्या प्रत्येक पोराला मनातल्या मनात कलेक्टर करून मोकळे होतो. त्यात आपल्याला काही करावं लागत नाही, अभ्यास त्यानंच करायचा असतो. मला या उत्तराचा राग येतो. कैकाड्याचं पोर शिकून पुढं जातच नाही असं मुळीच नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 साली आलं, ते याच समाजातल्या, शाळेसाठी धडपडलेल्या पोराचं आत्मकथन आहे. पण ते वाचताना दिसतं की वर्गाच्या दारापर्यंत पोचण्यातच केवढा जीव जातो. मधला तो सगळा हिशेब वगळून थेट निकाल लावायचा, याला माझी हरकत आहे.

पोरं मात्र दहा वर्षांपुढं जात नाहीत. ती त्याच संध्याकाळी थांबतात. एकजण म्हणाला, “बाप लई हाणणार त्याला.” दुसरा म्हणाला, “बाप न्हाई, गाववाले हाणणार.” मागच्या बाकावरचा, सहसा तोंड न उघडणारा एक पोरगा बोलला, “डुकराचे पैसे बुडाले सर.” वर्ग हसला, पण खरा मुद्दा त्यानंच धरला होता. ते पैसे देणार गाव, आणि दगड बसला गावातल्याच पोराला. कचरूनं दिवसभर चिखलात पळून जे कमावलं ते एका दगडात गेलं असणार. मग बहिणीचं लग्न?

समजा कुणाचं डोकं फुटलं आणि प्रकरण पोलिसात गेलं. इथं मी पोरांना जरा कायदा सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत मोडतात, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. अकोळनेर नगर जिल्ह्यातलं धरलं, तर 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा कचरूच्या उपयोगाचा नाही, कारण तो अनुसूचित जाती-जमातींपुरता आहे. टग्यांनी जातीवरून घातलेली तीच शिवी विदर्भात, यवतमाळात पडली असती तर गुन्ह्याचं कलम वेगळं लागलं असतं. उलट जब्यावर दुखापतीची तक्रार कुठल्याही जिल्ह्यात होऊ शकते. फार तर लहान आहे म्हणून बाल न्याय मंडळापुढं उभा करतील. आणि पोलीस दारात येणं म्हणजे काय, हे या लोकांना कुणी सांगायला नको. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यात पुढं कैकाड्यांचंही नाव चढलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायची वसाहत होती. हा शिक्का कागदावरून 31 ऑगस्ट 1952 ला पुसला गेला. ठाणेदाराच्या डोक्यातून कधी पुसला गेला, याची तारीख कुठं नोंदलेली नाही.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या 1959 च्या ‘द 400 ब्लोज’ या सिनेमातला आंत्वान आठवतो. तोही शाळेत मार खाणारा, सुधारगृहातून पळून समुद्रापाशी पोचतो आणि चित्र गोठतं. त्रुफोनं पुढं 1979 पर्यंत त्याच नटाला घेऊन त्याची गोष्ट चालवली: फुलं रंगवणं, लग्न, घटस्फोट, छापखान्यात मुद्रितशोधन. चारचौघांसारखं आयुष्य. पॅरिसात आंत्वानला एवढं जमलं, कारण गल्ली बदलली की तो कोण हे कुणाला कळत नव्हतं. जब्याला गाव बदलून आडनाव सांगावंच लागणार.

तर माझं उत्तर. सिनेमातच जब्याची दोन भविष्यं हिंडत असतात असं मला वाटतं. एक बाप. किशोर कदमांनी केलेला कचरू मान वर करत नाही, पण तोही कधी तेरा वर्षांचा असणारच, त्यालाही कुणी तरी आवडली असणार, त्याच्याही हाताला दगड लागला असेल आणि त्यानं तो खाली टाकला असेल. दुसरा चंक्या, सायकलच्या दुकानातला तो तऱ्हेवाईक माणूस, ज्याचा रोल स्वतः मंजुळेंनीच केलाय. गाव त्याला वेडा म्हणून सोडून देतं. मान खाली घालून जगायचं किंवा वेडा ठरून मोकळं व्हायचं.

जब्या दोन्ही झाला नसावा. शाळा सुटली असणार, याबद्दल मला शंका नाही. ज्या वर्गानं भिंतीवरून बघून टाळ्या पिटल्या, तिथं तो परत बसणार नाही. चाकण नाहीतर रांजणगावला ठेकेदाराकडं लागला असेल, सिनेमात त्याला हवी असलेली ती जीन्स पहिल्या पगारात घेतली असेल. जत्रेला येत असेल, पण सिनेमात धरायला लावली तशी डोक्यावर गॅसबत्ती धरायला आता कुणी हाक मारत नसेल. मारली, तर तो ऐकत नसेल. एवढं मी त्याला द्यायला तयार आहे, याहून जास्त नाही.

एक मात्र खटकतं. इतक्या वर्षांत शालूचं काय झालं असं विचारणारी पोरं भेटली. जब्याच्या बहिणीचं, जिच्या लग्नासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तिचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. तिचं नाव विचारलं तर वर्गात हात वर होत नाही. ठरलेलं लग्न त्या दगडानं मोडलं, की कचरूनं आणखी कुणाकडून तरी उचल घेऊन लावून दिलं? मला वाटतं, लावून दिलं. आणि ती उचल फेडायला जब्याचा पगार गेला. म्हणजे जीन्स दुसऱ्या वर्षी.