एकाच डेपोत दोन वेतनक्षेत्रे : ताशी वेतनाची हद्द ठरताना आलेला माझा अनुभव

अमेरिकेच्या संघीय सरकारी नोकरीत पगाराच्या दोन मोठ्या व्यवस्था आहेत. कारकुनी, तांत्रिक आणि अधिकारी वर्गाला ‘जनरल शेड्यूल’प्रमाणे वार्षिक पगार मिळतो, तर वेल्डर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, गोदामातील कामगार अशा हातांनी काम करणाऱ्यांना ‘फेडरल वेज सिस्टिम’प्रमाणे तासावर वेतन मिळते. मी या दुसऱ्या व्यवस्थेतला, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात, मन्रो काउंटीतल्या (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) एका लष्करी डेपोत इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करणारा मेकॅनिक आहे. आमचे वेतनक्षेत्र, म्हणजे ताशी वेतनाचा एकच तक्ता लागू असलेला काउंट्यांचा गट, कोणते असावे, या प्रश्नाच्या निमित्ताने स्थानिक सुनावणी, वेतन-सर्वेक्षण आणि नियमाच्या मसुद्यावरील लेखी अभिप्राय या तीनही टप्प्यांतून मला जावे लागले. आपली मराठी माणसे इथे सरकारी नोकरीत बहुतेक वार्षिक पगाराच्या बाजूला आहेत. त्यामुळे ताशी वेतनाचा हा भाग मराठीत फारसा कोणी लिहिलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रश्न असा होता. वार्षिक पगाराच्या कर्मचाऱ्यांना 1994 पासून स्थानिक वेतनवाढ मिळते आणि तिची क्षेत्रे मुख्यतः लोक राहायला कुठे आणि कामाला कुठे जातात यावरून आखली जातात. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतील घरांच्या किमती न परवडल्याने अनेक कुटुंबे आमच्या काउंटीतल्या पोकोनोच्या डोंगराळ भागात येऊन राहिली आणि पहाटे डेलावेअर वॉटर गॅपहून बसने किंवा ऐंशी क्रमांकाच्या महामार्गावरून स्वतःच्या गाडीने पूर्वेकडे कामाला जाऊ लागली. त्यामुळे 2005 पासून मन्रो काउंटी वार्षिक पगारासाठी न्यूयॉर्कच्या क्षेत्रात गेली. ताशी वेतनासाठी मात्र ती स्क्रँटन–विल्क्स-बॅरी या, पूर्वी कोळशाच्या खाणींवर जगलेल्या पट्ट्याच्या क्षेत्रातच राहिली. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांपैकी तंत्रज्ञाचा पगार न्यूयॉर्कच्या बाजाराशी जोडलेला आणि मेकॅनिकचा स्क्रँटनच्या. दोघे शेजारी राहतात, एकाच दुकानातून किराणा आणतात आणि एकाच शाळेच्या जिल्ह्याला कर भरतात.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या बाबांना मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘अरे, पण मूळ वेतन तर दोघांचं एकाच तक्त्यातलं असेल ना?’’ प्रश्न रास्त होता. भारतात केंद्र सरकारचे मूळ वेतन देशभर सारखे असते आणि शहरानुसार मुख्यतः घरभाडे भत्ता बदलतो. मुंबई-पुण्यासारखी शहरे एक्स वर्गात, नागपूर-नाशिक वाय वर्गात आणि उरलेली झेड वर्गात. सातव्या वेतन आयोगानंतर या वर्गांचे दर 24, 16 आणि 8 टक्के ठरले आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर ते 30, 20 आणि 10 टक्के झाले. इथे आमच्यासाठी असा समान पायाच नाही. 1972 च्या कायद्याचे तत्त्व असे की, सरकारने कामगाराला त्या परिसरातील खासगी उद्योगात त्याच कामासाठी जो दर चालतो, तो द्यावा. तत्त्व मला आजही योग्य वाटते. परंतु ‘परिसर’ म्हणजे कोणत्या काउंट्या, हे जो ठरवतो, तो एकाही कारखान्याचे दार ठोठावण्याआधीच वेतनाचा मोठा भाग ठरवून टाकतो. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

नियमावलीत वेतनक्षेत्र ठरवण्याचे निकष दिलेले होते : अंतर, वाहतुकीच्या सोयी आणि भूरचना, कामाला ये-जा करण्याची पद्धत, लोकसंख्या, रोजगार आणि खासगी उद्योगांचे प्रकार व आकार यांतील साम्य. शिवाय क्षेत्राचे दोन थर असतात. ज्या काउंट्यांमधून प्रत्यक्ष आकडे गोळा होतात ते सर्वेक्षण-क्षेत्र, आणि त्या आकड्यांवर बेतलेला तक्ता ज्या अधिकच्या काउंट्यांनाही लागू होतो तो बाहेरचा थर. त्यामुळे बाहेरच्या थरातल्या कामगाराचे वेतन ज्या कारखान्यांवरून ठरते, त्यांतला एकही त्याच्या काउंटीतला नसतो. सहकाऱ्यांना हे समजावून सांगायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण बहुतेकांचा समज असा होता की, आपल्या गावातले दर पाहूनच आपला तक्ता बनतो.

पूर्ण सर्वेक्षण दर दोन वर्षांनी होते आणि मधल्या वर्षी फक्त दरांतला बदल तपासला जातो. पूर्ण सर्वेक्षणाआधी स्थानिक समिती जाहीर सुनावणी घेते. या समितीत तिघे असतात : अध्यक्ष व एक सदस्य प्रशासनाच्या बाजूचे आणि एक सदस्य युनियनने सुचवलेला. कोणत्या काउंट्या, कोणते उद्योग आणि कोणती कामे सर्वेक्षणात घ्यावीत, यावर सुनावणीत कोणीही म्हणणे मांडू शकतो. मी मांडले. ऐकून घेतले गेले, नोंदही झाली. पण हद्द बदलण्याचा अधिकार स्थानिक समितीला नाही, ती फक्त शिफारस वर पाठवते. निर्णय वॉशिंग्टनमधील कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाचा असतो आणि त्याला सल्ला देणारी राष्ट्रीय समिती वेगळी आहे. तिथे एक अध्यक्ष, प्रशासनाचे पाच आणि कामगार संघटनांचे पाच प्रतिनिधी बसतात.

त्यानंतर युनियनने माझे नाव माहिती गोळा करणाऱ्यांत दिले. ही माणसे नेहमी जोडीने जातात, एक कामगारांच्या बाजूचा आणि एक प्रशासनाच्या बाजूचा, आणि दोघांनाही कामाच्या वेळेतच मोकळीक मिळते. कारखान्यांची यादी संरक्षण खात्याकडून येते. उद्योगाने माहिती देणे ऐच्छिक असते आणि दिलेली माहिती गोपनीय राहते. माझी जोडीदार मनुष्यबळ विभागातली, शांत आणि काटेकोर बाई होती.

एका मशीन शॉपमधली बैठक लिहिण्याजोगी आहे. आम्हाला पदनामावर जाता येत नाही. आमच्याजवळ प्रत्येक कामाचे छापील वर्णन असते आणि प्रत्यक्ष काम त्याच्याशी जुळते का, ते पाहायचे असते. तिथे एकाच नावाच्या पदावर अनेक जण होते. व्यवस्थापक म्हणाले की, सगळे सारखेच, सगळ्यांना मशिनिस्ट धरा. जोडीदाराने विचारले, ‘‘सुट्या भागाचा नकाशा (ड्रॉइंग) वाचून मशीनची मांडणी स्वतः कोण करतो, आणि मांडून दिलेल्या मशीनवर नुसता माल कोण काढतो?’’ व्यवस्थापक आम्हाला थेट शॉपमध्ये घेऊन गेले. दोन लेथसमोर मायक्रोमीटर, खुणा केलेले नकाशे आणि हत्यारांच्या पेट्या होत्या. उरलेल्या मशीनजवळ फक्त चालू-बंद करण्याच्या सूचनांचा कागद चिकटवलेला होता. पहिल्या दोघांना आम्ही मशिनिस्ट धरले, बाकीच्यांना नाही. त्या बाकीच्यांचे कमी दर मशिनिस्टच्या रकान्यात गेले असते, तर संपूर्ण क्षेत्रातल्या आमच्या लोकांचा तक्ता खाली ओढला गेला असता. म्हणूनच दोघांनी मिळून पडताळण्याची ही पद्धत मला मोलाची वाटते.

गोळा झालेल्या दरांवरून एक वेतनरेषा काढली जाते आणि त्या रेषेवरून 15 श्रेणींचा तक्ता बनतो. प्रत्येक श्रेणीत पाच पायऱ्या असतात; दुसरी पायरी म्हणजे बाजाराचा दर, पहिली त्याच्या 96 टक्के आणि पाचवी 112 टक्के. इथवर सगळे सरळ आहे. मात्र 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून संसद दरवर्षीच्या खर्चाच्या कायद्यात आमच्या वाढीवर कमाल मर्यादा घालत आली आहे. ती साधारणपणे वार्षिक पगारवाल्यांच्या सरासरी वाढीला बांधलेली असते. पुढे किमान वाढीचीही अट आली. त्यामुळे अनेक क्षेत्रांत सर्वेक्षणातून निघालेला दर आणि हातात पडणारा दर यांत अंतर पडते, आणि मायक्रोमीटर पाहून केलेल्या कामाचा निष्कर्ष मर्यादेपाशी अडतो. हे पाहून जिवाला लागते.

हद्दीच्या प्रश्नावर राष्ट्रीय सल्लागार समितीने 2010 मध्येच बहुमताने शिफारस केली होती की, वार्षिक पगाराच्या एका स्थानिक क्षेत्रात ताशी वेतनाची एकाहून अधिक क्षेत्रे नसावीत. ती पुढे अनेक वर्षे तशीच राहिली. खर्च वाढेल, प्रचलित दराचे तत्त्व आणि ये-जा करण्याचे तत्त्व यांची गल्लत होईल, असे विरोधाचे मुद्दे होते. त्यातला दुसरा मुद्दा गंभीर आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. दोन्ही व्यवस्थांचे दर वेगळ्या मार्गाने ठरतात, हे खरेच आहे. परंतु कामगाराला दुसरी नोकरी कुठे मिळू शकते, यावरच त्याचा बाजार ठरतो, आणि ये-जा करण्याचे आकडे नेमके तेच दाखवतात. वेल्डर आणि लेखापाल एकाच महामार्गाने जात असतील, तर त्यांचे बाजार दोन आहेत असे म्हणण्याला आधार उरत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाने नव्या हद्दींचा मसुदा प्रसिद्ध करून जनतेचे अभिप्राय मागवले. त्यात मन्रो काउंटी न्यूयॉर्कच्या ताशी वेतनक्षेत्रात दाखवली होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकत्र बसून मजकूर तयार केला. प्रत्येकाने तेच पत्र सही करून पाठवावे, अशी सूचना आली होती, पण मी आग्रह धरला की, ज्याने त्याने स्वतःचे कलम लिहावे. राहतो कुठे, घरातले दुसरे माणूस कामाला कुठे जाते, आपल्या शॉपमधून कोण नोकरी सोडून कुठे गेले आणि का, एवढेच लिहायचे. संतापाची वाक्ये काढून टाकली. माझ्या अभिप्रायात मी नियमावलीचेच निकष क्रमाने घेतले आणि प्रत्येकाखाली आमच्या काउंटीची वस्तुस्थिती लिहिली. ज्यांच्यासाठी नवे क्षेत्र कमी दराचे ठरेल, त्यांना वेतन-संरक्षण स्पष्ट शब्दांत मिळावे, हेही लिहिले. आपली हद्द सुधारताना दुसऱ्या कामगाराचे ताट ओढले जाऊ नये.

जानेवारी 2025 मध्ये अंतिम नियम प्रसिद्ध झाला आणि अंमलबजावणीसाठी ऑक्टोबर 2025 मधील पहिला पगार-कालावधी ठरवला गेला. क्षेत्र बदलणाऱ्या माणसाची श्रेणी व पायरी तीच राहते आणि नव्या क्षेत्राच्या तक्त्यातला दर त्याला लागतो. शॉपमध्ये ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका वेल्डरने पहिला प्रश्न विचारला तो पेन्शनचा, कारण संघीय पेन्शन सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीवर निघते. त्याने निवृत्ती पुढे ढकलली.

आता दोन कामे उरली आहेत. वाढीवरची कमाल मर्यादा दरवर्षी नव्याने कायद्यात येते, म्हणून तिच्याबद्दल लोकप्रतिनिधींना दरवर्षी लिहावे लागते. आणि क्षेत्र मोठे झाल्यामुळे पुढच्या सर्वेक्षणांसाठी माहिती गोळा करणारी अधिक माणसे लागतील. आमच्या शॉपमधल्या दोन तरुण मेकॅनिकांची नावे मी युनियनकडे दिली आहेत आणि कामाची वर्णने वाचायला त्यांना बरोबर घेऊन बसतो आहे.