पांदणीवर टिकणारं टायर

गेल्या दिवाळीनंतर आर्वीहून मोर्शी, परतवाडा करत चिखलदऱ्याला सायकलनं निघालो होतो. आष्टीच्या अलीकडे डांबरी सोडून एका पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, शिरलो आणि तासाभरात मागचं टायर बाजूनं फाटलं. काटा नाही, खिळा नाही. गिट्टीची धार घासली आणि ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली. ढकलत ढकलत पुढचं गाव गाठलं. तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी टायर पिळून दाखवलं. "वरून तं नवंच आहे भाऊ. बाजूले जीवच नाही याच्या." जुन्या टायरचा तुकडा कापून त्यांनी आतून गेटर टाकलं. त्यावर परतवाडा गाठलं, पण घाट चढायची हिंमत झाली नाही.

टायर होतं ३२ मिमीचं, हवा ८० पीएसआय. डांबरीवर छान पळायचं. पण आमच्याकडे डांबरी कुठे संपेल आणि मुरूम कुठे सुरू होईल याचा नेम नाही, त्यामुळे दोन्हीवर चालणारं एकच टायर लागतं. म्हणून नवीन घेताना आधी बाजूची भिंत पाहिली, नक्षी नंतर.

मग काटे. सराट्याचा काटा आखूड असतो. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली रबराचा जाड थर असेल तर तो तिथेच अडतो. बाभळीचं तसं नाही. शेतकरी धुऱ्यावर बाभळीच्या फांद्यांची कुपाटी करतात, त्यातल्या वाळक्या फांद्या पांदणीत येऊन पडतात. तो लांब काटा सरळ उभा घुसला तर जाड थरही हमखास वाचवेल असं नाही. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये ५ मिमीचा थर असतो, पण ते टायर जड आणि कडक. मी साधं मॅरेथॉन घेतलं, त्यात हा थर ३ मिमीचा आहे. सराटे त्यानं अडतात, बाभळीसाठी पॅच आणि सोल्यूशन जवळ असतंच.

मापाच्या बाबतीत एकदा फसलोय, म्हणून हे नीट सांगतो. दुकानात "अठ्ठावीसचं टायर" मागितलं आणि बाबांच्या काळ्या सायकलचं २८ × १½ हातात आलं. त्याच्या बैठकीचा, म्हणजे टायर रिमवर जिथे बसतं तिथला, व्यास ६३५ मिमी, माझ्या ७००सी मापाच्या रिमचा ६२२. दोघांनाही अठ्ठावीसच म्हणतात! तेव्हापासून टायरच्या बाजूवर कोरलेला ४०-६२२ असा आकडा वाचूनच घेतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा बैठकीचा व्यास.

मग ४० च का, ४५ का नाही? काळ्या मातीमुळे. पहिल्या पावसानंतर आपली कापसाची जमीन टायरला अशी चिकटते की दहा पावलांत चाक जाम होतं. टायर आणि फोर्क यांच्यामध्ये ६ मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) सहज फिरली पाहिजे, हे मी स्वतःपुरतं ठरवलेलं माप. माझ्या फोर्कमध्ये ४५ बसतं, पण ॲलन की अडते. खोल नक्षीची टायरं याच कारणासाठी टाळली. चिखल त्या खाचांत बसतो आणि डांबरीवर उगाच घरघर होते. मधून गुळगुळीत, कडेला थोडी नक्षी, एवढं मुरमाला पुरतं.

सामानासकट माझं वजन शंभर किलोच्या घरात जातं. मागे ५०, पुढे ४२ पीएसआय ठेवतो. हवा कमी केल्यावर गिट्टीवर हाताला बसणारे झटके किती कमी झाले, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ट्यूबलेसचा विचार केला होता. पण त्यातलं छिद्र बुजवणारं द्रव आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लवकर सुकतं, आणि ट्यूबचं पंक्चर कोणत्याही गावात निघतं. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र बारीक आहे. गावातल्या पंपाची नळी त्यावर बसत नाही, म्हणून पितळेचा छोटा अडॅप्टर किल्लीच्या जुडग्यातच अडकवलाय.

नवीन टायरांवर आजवर १,४०० किलोमीटर झाले. पंक्चर तीन, तिन्ही बाभळीचे. काट्याचं टोक आत मोडून राहिलं तर नवी ट्यूबही जाते आणि बोटानं चाचपलं तर बोटात घुसतं. म्हणून टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतो. जिथे तंतू अडकतात तिथे काटा. कापूस पिशवीत न्यायची गरज नाही, तो पांदणीच्या कडेला सापडतोच.