टेंडरातल्या ‘सूट’च्या ओळीमागचा कागद आरटीआयनं कसा काढला

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, फाउंड्रीतनं वॉल्व्हच्या बॉड्या येतात, आम्ही मशीनिंग, असेंब्ली, टेस्टिंग करून देतो. मध्ये केंद्र सरकारच्या एका कंपनीचं टेंडर आलं, साइझ सगळे आमच्यातले, दर काढायला बसलो तर मागच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ, की या आयटमला मेक इन इंडिया ऑर्डरमधून सूट. कुणी दिली, का दिली, काय नाही.

ही ऑर्डर म्हणजे सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य द्या असा केंद्राचा आदेश, 2017 चा, 2020 ला सुधारला. लोकल कंटेंट, म्हणजे मालाच्या किमतीतला देशात तयार झालेला वाटा, 50 टक्के किंवा वर असेल तर सप्लायर क्लास वन, 20 ते 50 मध्ये क्लास टू, त्याखाली नॉन लोकल. सूट मिळाली की बाहेरनं माल आणून नुसतं लेबल लावणारापण आमच्या शेजारी येऊन बसतो. पण त्याच ऑर्डरच्या 14 व्या कलमात लिहिलंय की सूट द्यायची तर मंत्र्यांची मान्यता पाहिजे, कारणं लेखी पाहिजेत आणि कॉपी स्टँडिंग कमिटीला (ऑर्डरवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला) गेली पाहिजे. म्हणजे कागद असतोच, फक्त तो लोकांसमोर टाका असं कुठं म्हटलेलं नाही, आणि माझं सगळं भांडण तिथंच आहे. अमेरिकेत 2021 पासून असल्या सवलतींसाठी सरकारी वेबसाइटच आहे, कुठल्या खात्यानं काय मागितलं ते घरबसल्या दिसतं.

प्री-बिडला, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या शंकांच्या मीटिंगला, विचारलं तर साहेब म्हणाले ‘वरनं आलंय’. मग केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर अर्ज टाकला, फी 10 रुपये. (राज्याच्या ऑफिसांचं पोर्टल वेगळं आहे, आणि ही ऑर्डरपण मुख्यतः केंद्राच्या खरेदीला, झेडपीच्या स्वतःच्या पैशाच्या टेंडरला हा अर्ज चालणार नाही.) मुदत संपता संपता उत्तर आलं, आरटीआय कायद्याचं कलम 8(1)(डी), व्यावसायिक गुपित, देता येत नाही. आता मंत्रालयाच्या आदेशात कुणाचं कसलं गुपित? पहिलं अपील टाकलं, त्याला फी नाही. त्यात दोनच मुद्दे घातले, कलम 4(1)(डी) प्रमाणे निर्णयाची कारणं बाधित माणसाला सांगणं बंधनकारक आहे, आणि गुपित काय असेल ते कलम 10 प्रमाणे झाकून बाकीचं द्या.

हे कलम 10 लई कामाचं. कॉपी आली, कंपन्यांची नावं काळ्या मार्करनं फासलेली, पण कारण स्वच्छ वाचता येत होतं: ‘पुरेशी क्षमता असलेला देशी उत्पादक आढळला नाही’. खाली मार्केट सर्व्हेचा उल्लेख. एमआयडीसीत चार गेट फिरला असता तरी आढळला असता की भावा!

मग तो सर्व्हे मागायला दुसरा अर्ज टाकला, आणि आमची टेस्ट सर्टिफिकेटं, मशीनची यादी, जुन्या सप्लायच्या ऑर्डरी जोडून नोडल मंत्रालयाला (त्या मालाचं खातं ज्याच्याकडं आहे त्या मंत्रालयाला) निवेदन पाठवलं. ते टेंडर गेलंच, सर्व्हेचं उत्तर अजून यायचंय.

कुणाला अर्ज टाकायचा असेल तर ‘सूट का दिली’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारी उत्तर देत नाहीत. टेंडर नंबर घालून असं मागा: 14 व्या कलमाखालच्या आदेशाची प्रत, त्यामागच्या नोटशीट (फाइलवरचे अधिकाऱ्यांचे शेरे), आणि प्रत स्टँडिंग कमिटीला पाठवल्याचं पत्र.