मृगात पेरलेली आरास

आमच्या परभणीकडे गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. बोलताना नुसतं ‘लक्ष्म्या’. भादवा जवळ आला की बायका एकमेकींना विचारतात, तुमच्याकडे उभ्या का खड्याच्या? आमच्याकडे उभ्या. पत्र्याच्या दोन कोठ्या, पितळी मुखवटे आणि सोबत दोन पिल्लं, म्हणजे लक्ष्म्यांची बाळं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी निवडणं-टिपणं, पुरण वाटणं ही कामं केली. पण लक्ष्म्या उभ्या करायच्या त्या आत्याबाईंनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. २०२४च्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मे महिन्यातच त्या म्हणाल्या, “यंदा तूच बसव. मी बाजंवरून सांगते. पण मृग चुकवू नको.”

लक्ष्म्यांचा आणि मृगाचा काय संबंध, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. तोवर आरास म्हणजे सणाच्या आधी चार दिवस बाजारातून आणायची वस्तू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आत्याबाईंनी मात्र बोटं मोजून दाखवली. मृगात बी पडलं तर भादव्यापर्यंत तीन महिने मिळतात. दोडका, गवार, भेंडी तर दीड-दोन महिन्यांतच लागतात. पडवळाला वेळ लागतो, झेंडूला त्याहून जास्त जपावं लागतं.

परसात काळी जमीन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडला, वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी झाली, आणि मी आळी केली. भिंतीकडेला पडवळ आणि दोडका, मधे भेंडी (परभणी क्रांती, इथल्याच कृषी विद्यापीठाची जात, हळद्या रोगाला दाद न देणारी), गवार, अंबाडी, चुका. झेंडूचं बी आधी गादीवाफ्यावर टाकलं आणि जुलैत चाळीस रोपं लावली. महिन्याने शेंडे खुडले. वाढतं रोप खुडताना जीवावर येतं, पण त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत.

सगळ्यात जास्त जीव लावला तो पडवळाला. महालक्ष्म्यांच्या जेवणात पडवळाची कढी आमच्या घरी हवीच. वेल मांडवावर चढला, पण आधी नुसती नर फुलंच येत राहिली. ही फुलं संध्याकाळी उमलतात, पांढरी, कडेला झालरीसारखे धागे सुटलेली, आणि सकाळी खाली पडलेली असतात. मी रोज अंधार पडताना मांडवाखाली उभी राहायचे. एका संध्याकाळी एका फुलामागे बोटाएवढी हिरवी काडी दिसली. धावत जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आता टोकाला खडा बांध. नाहीतर येटोळं घालून बसंल.” सुतळीला छोटा खडा बांधून मी तो टोकाला अडकवला. त्या वजनाने पडवळ सरळ खाली वाढत गेलं, रोज मोजावं इतकं.

मग पाऊस आला. १ सप्टेंबरला, पोळ्याच्या आदल्या दिवशी असा लागला की रात्रभर उघडलाच नाही. परभणी, हिंगोली, नांदेड, सगळीकडे नदी-नाल्यांनी पात्र सोडलं. गावाकडून दिरांचा फोन आला की सोयाबीन पाण्याखाली आहे. परसात मांडवाच्या वेलांना काही झालं नाही, पण झेंडूचा वाफा सखल जागी होता. तिथे घोटाभर पाणी. काळ्या मातीतून पाणी लवकर उतरत नाही, मुळं गुदमरतात. पाऊस थोडा थांबल्यावर मी आणि मुलाने कुदळीने चर खोदून पाणी रस्त्याकडे काढून दिलं आणि रोपांना मातीची भर लावली. तरी तिसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त रोपांनी माना टाकल्या. जी उभी राहिली, त्यांच्याही कळ्या सडल्या होत्या. लक्ष्म्या यायला सात दिवस राहिले होते.

घरात शेताच्या नुकसानीमुळे आधीच सगळे गप्प होते. हे म्हणाले, यंदा साधंच करू. मी वाफ्यापाशी बसून रडले. आत्याबाईंनी काठी टेकत मागच्या दारापर्यंत येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, “लक्ष्म्या काय झेंडू मागायल्या का? पावसानं काय दिलंय ते बघ की.”

खरंच पावसाने दिलं होतं. कुंपणाला आघाडा माजला होता, केना पसरला होता, दुर्वा लुसलुशीत झाल्या होत्या. भिंतीच्या वरच्या अंगाला तेरडा गुलाबी फुलला होता. कोकणात तेरड्याची रोपंच गौर म्हणून घरात आणतात. आमच्याकडे तो पत्रीत जातो. यंदा मी त्याच्याच माळा करायचं ठरवलं. तेरड्याची फुलं हातात धरली तरी चुरगळतात, म्हणून ओवायच्या भानगडीत न पडता देठासकट जुड्या बांधल्या आणि मधे आघाड्याचे तुरे घातले.

मखरासाठी मुलांनी ज्वारीच्या कडब्याची धाटं घेतली. पूर्वी आम्ही थर्माकोल आणायचो. २०१८च्या बंदीपासून घरात पुठ्ठ्याचं काहीतरी व्हायचं. धाटाची साल सोलली की आत पांढरं हलकं भेंड निघतं. यांनी लहानपणी त्याच्या बैलगाड्या केल्या होत्या, ते हात अजून विसरले नव्हते. कोरडी साल वाकवताना मोडते, म्हणून रात्रभर पाण्यात ठेवली. भेंडाचे तुकडे सालीच्या काड्यांनी जोडत तिघांनी कमान केली, दोन बैलगाड्या केल्या, एक विहीर केली. शेतातल्या पाण्याबद्दल आठवडाभर न बोललेले हे त्या रात्री मुलांना आजोबांची मोट कशी चालायची ते सांगत बसले होते.

१० सप्टेंबरला, अनुराधा नक्षत्रावर, आवाहन. सकाळी मी रिकाम्या कोठीलाच साडी नेसवायला घेतली. निऱ्या ओढल्या की कोठी कलायची. बाजंवरून आवाज आला, “अगं, आधी गहू भर. पोट भरल्याबिगर बाई उभी राहती का?” एका कोठीत गहू, दुसरीत तांदूळ भरले आणि दोन्ही घट्ट उभ्या राहिल्या. नऊवारीच्या निऱ्या जमिनीवर पाडल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी धरल्या आणि सुतळीने कमरेला आवळल्या. वरून कंबरपट्टा आला की सुतळी दिसत नाही. एकीला आत्याबाईंच्या लग्नातला शालू, दुसरीला माझी पैठणी. पहिल्या साडीला दोन तास गेले, दुसरीला पाऊण.

संध्याकाळी तुळशीपासून देवघरापर्यंत पावलं काढली. मी आणि जाऊबाईंनी मुखवटे हातात घेतले, मुलगी ताट वाजवत पुढे.
“कोण आलं?”
“महालक्ष्म्या आल्या.”
“कशाच्या पावलांनी?”
“सोन्याच्या पावलांनी.”
स्वयंपाकघर, धान्याची खोली, कपाट, सगळं दाखवून झालं. मी कोठ्यांकडे वळणार तोच आत्याबाई म्हणाल्या, “परसात बी न्या त्यायला.” आजवर हे कधी केलं नव्हतं. आम्ही मागचं दार उघडलं. मांडवाला चार पडवळं लोंबत होती, खाली चिखल, आणि वाफ्यात उरलेली झेंडूची रोपं. मुखवट्यांवर दिव्याचा उजेड पडला तेव्हा माझ्याच्याने बोलवेना.

दुसऱ्या दिवशी जेवण. सोळा भाज्यांपैकी अकरा परसातल्या, तीन शेजारणींनी दिल्या, दोनच विकत आणल्या. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, पडवळाची कढी. पुरणाच्या सोळा दिव्यांनी आरती केली. तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर हळदीत भिजवलेले सोळा पदरी दोरे घेतले, खीर-कानवल्याचा नैवेद्य दाखवला आणि मुखवटे उतरवले. कोठीतले गहू कणगीत गेले. तेरड्याच्या जुड्या मी झाडांच्या बुडाशी टाकल्या.

चार पडवळांतलं एक मी कापलं नव्हतं. ते वेलावरच राहिलं, दसऱ्याच्या आसपास तांबडं-लाल झालं. आत्याबाईंनी बाजंवर बसून बिया धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि राखेत घोळून बाटलीत भरल्या. मुलीने वर कागद चिकटवून लिहिलं : पडवळ, मृगात लावायचं.